बिनतारी भाऊ

हल्ली आमच्याकडे राहायला येणारा माणूस गाडीतून उतरतो आणि पाय धुवायच्या आधी विचारतो, "वायफाय आहे ना?" समोर एवढा दर्या पसरलेला, पण त्याच्याकडे बघायचं सोडून आधी वायफायची चौकशी. मी म्हणते, "आसा बाबा, आसा. आधी चाय घे." मालवणातून तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्याला लागून, माडांच्या वाडीत आमचं घर आहे आणि त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. मासे मी रांधते, हिशेब आमचे हे बघतात आणि वायफाय भाऊ बघायचे.

गेल्या आठवड्यात नेट अडखळायला लागलं म्हणून मी बाजारातल्या दुकानातून एका माणसाला बोलावलं. त्याने सगळे डबे तपासले आणि गडग्यापलीकडच्या, म्हणजे आमच्या दगडी कुंपणापलीकडच्या, बंद घराच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "काकी, त्या घरात कोण राहत नाही, मग तिथला डबा कशाला चालू ठेवलाय? आणि त्याच्यावर ती कंदिलाची काच कसली?" मी त्याला म्हटलं, "तुझं काम ह्या घरातलं. त्या घरातल्या डब्याला हात लावायचा नाही." तो बिचारा परत आमच्या डब्यांकडे वळला. मी उगाच तडकले त्याच्यावर. पण त्याला सांगायला बसले असते तर दुपार तिथेच संपली असती.

तो डबा भाऊंचा. बिनतारी भाऊंचा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

भाऊंचं खरं नाव वाडीत कोणाला आठवत नसेल. उभी हयात मालवाहू बोटींवर गेली. बोटीच्या माथ्यावर एक छोटी खोली असायची म्हणे. तिथे कानाला यंत्र लावून बसायचं, टकटक करून संदेश पाठवायचे, आलेले लिहून घ्यायचे. म्हणून बिनतारी. पुढे बोटींवर नवी यंत्रं आली, त्या खोलीतल्या माणसाची गरज संपली, आणि भाऊ घरी आले. उंच, सुकट, बोटीच्या बुटक्या दारांतून वाकून वाकून जाण्याने मानेत कायमचा बाक आलेला. घरात असले तरी इस्त्रीची अर्धी चड्डी आणि पांढरी बंडी. जेवायला बसले की डाव्या हाताचं बोट पाटावर टकटक करत असायचं. कुंदावयनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "आता कोणाक सांगतास? निस्त्याक मीठ कमी आसा म्हणान?" आणि तोंडाला पदर लावून हसायची.

भाऊंच्या दोन सवयींनी सगळी वाडी वैतागलेली होती. एक म्हणजे, सांगितलेलं परत म्हणून दाखवायला लावायचे. बोटीवर संदेश घेतला की तो उलट वाचून दाखवायचा नियम होता म्हणे, चूक राहू नये म्हणून. पण भाऊ तो नियम मासळीवालीलाही लावायचे. "चार बांगडे, डोकी काढून, उद्या सकाळी. आता सांग बघू काय सांगलंय?" एकदा ती टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "भाऊ, तुमका मासे घेवचे आसत काय शाळा घेवची आसा?" दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पाच बांगडे दिले, एक डोक्यासकट. भाऊ दिवसभर धुमसत होते, आणि तो डोक्यासकटचा बांगडा वयनीने मला आणून दिला.

दुसरी सवय गप्प बसण्याची. समुद्रावर असताना दर तासाला दोनदा सगळ्या जहाजांनी थोडा वेळ गप्प राहायचं, असा दंडक होता. कोणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. कुठे कोणी बुडत असेल, त्याचा आवाज बारीक असेल, तर तो बाकीच्यांच्या बडबडीत हरवू नये म्हणून. भाऊंनी तो दंडक घरी आणला. पडवीत चांगल्या गप्पा रंगलेल्या असायच्या, मध्येच भाऊंची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची आणि त्यांचा उजवा हात वर यायचा, पंजा आमच्याकडे. "गप रवा." झालं, सगळे गप्प. माडांची सळसळ, लांब कुठेतरी होडीचं इंजिन. आमचे हे एकदा न राहवून म्हणाले, "भाऊ, हंय कोण बुडता?" भाऊ म्हणाले, "ता आयकल्याशिवाय कसा कळतला?"

आम्ही हसायचो. पण तो हात वर आला की गप्पही व्हायचो.

कुंदावयनी मिठबावची. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके. लग्न झालं ते बोटीवरच्या माणसाशी. म्हणजे आधी वडलांची वाट बघायची, मग नवऱ्याची. ती बोलायची कमी. दुपारी ओसरीवर बसून देवाच्या वाती वळायची आणि बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. त्या वाती गणेशचतुर्थीला अर्ध्या वाडीला पुरायच्या. त्यांना एकच मुलगी, अंजू. नर्सचं शिकली आणि आयर्लंडला गेली. तिकडच्या इस्पितळात नोकरी, घर, सगळं चांगलं.

मग वयनी विसरायला लागली. आधी मीठ दोनदा घालायची, मग माझ्या घरी यायला निघून विहिरीपाशी उभी राहायची. मग माणसांची नावं जायला लागली. मी रोज गडग्यावरून हाक मारणारी, तर एक दिवस मला म्हणाली, "तू खंयची गो बाय?" मी घरी येऊन चुलीपुढे बसून रडले. डॉक्टरांनी भाऊंना सांगितलं, हे थांबणार नाही, पण जवळच्या माणसांचे चेहरे रोज समोर येऊ देत, आवाज कानावर पडू देत, जितकं टिकेल तितकं टिकेल.

भाऊंनी ते बोटीवरच्या हुकमासारखं घेतलं. मला म्हणाले, "शालन, माका विसारली तर चलात. मी हंयच आसंय, रोज नव्यान वळख करून घेतलंय. पण अंजू लांब आसा. ती एकदा पुसली की पुसली." अंजूला सुट्टी मिळायची ती चतुर्थीला, म्हणजे अजून कितीतरी महिने. तोपर्यंत मुलीचा चेहरा आईच्या डोक्यात जागता ठेवायचा, एवढं एकच काम भाऊंनी अंगावर घेतलं. अंजूची तिकडची जेवायची सुट्टी ती इथली तिन्हीसांज. आई आणि मुलगी एकमेकींना बघणार ती तेवढ्या वेळात. अंजू दिसली की वयनी बोलायची, "जेवलंस काय?" विचारायची, आणि मग स्वतः चार घास खायची. नाही दिसली तर ताट तसंच राहायचं.

अडचण घराची होती. भाऊंचं घर जुन्या चिऱ्याचं, भिंती अशा जाड की मागच्या खोलीतली हाक पडवीत ऐकू येत नाही. नेटची तार यायची पडवीत, आणि वयनीची खोली अगदी मागे, दर्याच्या अंगाला. तिथे काहीच पोचायचं नाही. वयनीला पडवीत आणून बसवलं तर रस्त्यावरच्या गाड्यांनी ती बावरायची. मग भाऊंनी मेश आणलं. म्हणजे तारेला जोडलेला एक मोठा डबा आणि घरात जागोजाग ठेवायचे लहान डबे. मोठ्याने जवळच्या लहानाला द्यायचं, त्याने पुढच्याला. भाऊ मोठ्या डब्याला 'आवस', म्हणजे आई, म्हणायचे आणि लहानांना 'पिलां'. पिल्लाला आवस सापडली की त्याच्यावर बारीक हिरवा दिवा लागायचा, हरवली की लाल. ह्या सगळ्या जाळ्याला नाव द्यावं लागतं म्हणे. भाऊंनी दिलं 'कुंदा'.

पिल्लं कुठे ठेवायची ह्यासाठी भाऊ दोन दिवस हातात फोन घेऊन घरभर फिरत होते. फ्रिजच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको, पाण्याच्या पिंपाजवळ नको. शेवटचं पिल्लू वयनीच्या खोलीत, दर्याकडच्या खिडकीच्या रुंद कठड्यावर बसवलं. तिथून माजघराच्या दारातून सरळ रेषेत मधलं पिल्लू दिसायचं. "आता बघ," ते म्हणाले, आणि अंजूला व्हिडिओ कॉल लावला. टॅबवर अंजूचा चेहरा इतका स्वच्छ आला की वयनीने पदराने पडदाच पुसला. त्याच उत्साहात भाऊंनी माझ्याही घरात डबे बसवून दिले, आणि माझ्याकडून ते कसे बंद-चालू करायचे ते तीनदा म्हणवून घेतलं.

काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग बिघाड सुरू झाला.

भाऊंचा क्रम ठरलेला असायचा. तिन्हीसांजेला टॅब वयनीसमोर ठेवायचा, अंजू दिसली की त्यांनी खोलीतून निघायचं आणि खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जाऊन तुळशीपुढे दिवा लावायचा. ते काम वयनीचं होतं, आता तिच्या हातून होत नव्हतं म्हणून त्यांनी घेतलेलं. शिवाय मायलेकींना एकटं बोलू द्यावं हाही हेतू. आणि नेमके ते तुळशीशी असताना आतलं नेट तुटायचं. अंजू त्यांच्या फोनवर कळवायची, "बाबा, आई थिजली." भाऊ धावत पडवीत. आवस बंद करायची, पुन्हा चालू करायची. ती पुरी जागी होईपर्यंत थांबायचं, मग आत जायचं. आत जाऊन बघावं तर पिल्लावर हिरवा दिवा, सगळं ठीक! पण तोवर अंजूची सुट्टी संपलेली असायची.

साहजिकच भाऊंनी आवशीला दोषी ठरवलं. बंद-चालू केलं की बरं होतं, म्हणजे दुखणं तिथेच. आवस बदलली. तरी तेच. मग तार बदलली. मग माझ्या पाहुण्यांवर आले! "तुझे पावणे सांजेक शिणेमे बघतत, तेंच्या लहरी माझ्या लहरींक आडयतत." मी म्हटलं, "भाऊ, माझे पाहुणे सांजेला दर्यावर असतात, नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात वास घेत उभे असतात." तरी चार दिवस मी माझे डबे सांजेला बंद ठेवले. काही फरक पडला नाही. एक मात्र त्यांनाही चक्रावून टाकायचं, ते स्वतः खोलीत बसले की नेट कधीच तुटायचं नाही. पण ते बसले की वयनी मुलीशी बोलायची नाही, त्यांच्याकडेच बघत राहायची, आणि तुळशीचा दिवा राहिला म्हणून कासावीस व्हायची. "दिवो लायलास? दिवो लायलास?" असं सारखं. शेवटी त्यांना उठावंच लागायचं.

मग अंजू एक दिवस म्हणाली, "बाबा, दर वेळेस आई उठून उभी रवता आणि मगे सगळा थांबता." भाऊंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. माणसाच्या अंगात पाणी असतं, माणूस मध्ये आला की लहर अडते, म्हणजे वयनी उठून पिल्लाच्या आड येते. झालं! दुसऱ्या दिवशी भाऊ तिला ओरडले. मी ताजं दूध द्यायला गेले होते, माजघरात उभी होते. "उठू नको म्हणान कितीदा सांगूचा? बसून रव! तुका चेडू बघूचा आसा काय नाय?" वयनी खाली बसली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि आवाज न करता रडायला लागली. बिछान्यावर तिच्या वाती विस्कटून पडलेल्या. त्याच्यावरही भाऊ चिडले, "आणि ह्या वाती रोज कित्याक पसरून ठेवतंस?" मला त्यांचा असा राग आला की दूध तिथेच ठेवून मी निघून आले. एवढा शांत माणूस, त्या तारा-लहरींच्या पायी असा झाला!

पण भाऊंनाही सुख नव्हतं. त्याच आठवड्यात एकदा नेट तुटायच्या आधी अंजू समोर आली आणि वयनीने पोटच्या मुलीकडे बोट करून भाऊंना विचारलं, "ह्या चेडू कोणाचा? बरा दिसता." हे मला सांगताना भाऊ पडवीच्या पायरीवर बसले होते. घड्याळाकडे बघत नव्हते, बोट टकटक करत नव्हतं. "पुसता आसा शालन," म्हणाले, "रोज वायच वायच पुसता आसा. आणि माका ह्यो एक डबो दुरुस्त होणा नाय." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

उलगडा झाला तो माझ्या फोनमुळे, आणि त्यात माझी हुशारी काही नव्हती. एका सांजेला मी किनाऱ्यावरच्या खुर्च्या उचलत होते, कुणा पाहुण्याला फोन करायला फोन काढला, तर वर 'कुंदा'चं नाव, आणि काठ्या पुऱ्या भरलेल्या. मला नवल वाटलं. एरवी किनाऱ्यावर 'कुंदा' जेमतेम एक काठी दाखवायची. पण काही उघडेना. नाव भरगच्च आणि आत सगळं रिकामं. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा एकच काठी, आणि सगळं उघडायला लागलेलं. सकाळी गडग्यावरून मी सहज भाऊंना सांगितलं. ते चहा पीत होते. कप तसाच हातात राहिला.

"भरलेली? दर्यार?" ते म्हणाले. "परत सांग."

मी परत सांगितलं. या वेळी मला त्याचा वैताग आला नाही.

"म्हणजे कोणीतरी तेची पाठ घराक केल्यान आणि तोंड दर्याकडे," भाऊ स्वतःशीच म्हणाले. "पाठीक पत्रो असल्याशिवाय लहर अशी म्होरां जावची नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज सांजेक दर्यार रव. मी येतंय."

त्या सांजेला त्यांनी नेहमीसारखा टॅब लावला, अंजू आली, ते खळ्यात गेले, तुळशीपुढे दिवा लावला, आणि पडवीकडे न जाता गडग्याच्या कडेने वळसा घालून खाली वाळूत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. धापा टाकत होते. समोर त्यांच्या घराची मागची बाजू, वयनीची खिडकी, आणि खिडकीत हिरवा ठिपका.

खोलीत वयनी उठलेली दिसली. तिच्या हातात बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा होता. तिने तो आडवा धरला, पिल्लू उचलून अलगद त्याच्या आत ठेवलं आणि डबा कठड्यावर टेकवला, तोंड दर्याकडे, बूड घराकडे. मग डब्याच्या तोंडाशी हाताची ओंजळ केली, दिवा लावल्यावर वाऱ्याला अडवायला करतात तशी. डब्याच्या आत हिरवा ठिपका लाल झाला. वयनीने हात जोडले आणि आमच्या डोक्यांवरून दर्यावर नजर लावून उभी राहिली.

मला तेव्हा सासूबाईंचं बोलणं आठवलं. मी लग्न होऊन इथे येण्याच्या आधीची गोष्ट. त्या सांगायच्या, कुंदा नवीन आली तेव्हा घो बोटीवर गेला की रोज सांजेला मागच्या खिडकीत पणती ठेवायची, वर डब्याचा आडोसा करून. तिच्या माहेरी तशीच रीत होती. होडी दर्यात असली की दिवा, आणि माणसाची पावलं घरात वाजली की आडोसा काढायचा, दिवा देवाकडे नेऊन ठेवायचा. मी भाऊंना तेवढं सांगितलं.

"माका कदी सांगूक नाय गो," भाऊ म्हणाले. "मी कदी बघूकच नाय."

"तुमी घरात आसताना ती कित्याक लावतली, भाऊ? तुमी नसायचास तेवाच तो दिवो."

भाऊंनी उजवा हात वर केला, पंजा माझ्याकडे. मी तर बोलायची थांबलेच होते. ते तसेच उभे राहिले, हात वर करून, त्या लाल ठिपक्याकडे बघत. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग म्हणाले, "जल्मभर आयकूचा काम केलंय. आणि घरातला ह्या एक माका आयकाक येवक नाय." आणि चप्पल वाळूतच सोडून घराकडे चालायला लागले.

मी खालूनच बघत होते. ते पडवीतून आत शिरले असतील, कारण वयनीने एकदम मान वळवली. डब्यातून पिल्लू बाहेर काढलं, डबा उचलला आणि बिछान्यावरच्या वाती त्यात परत भरायला लागली. माणूस घरी आला होता, तिचं काम झालं होतं. रोज हेच होत होतं. भाऊ बाहेर गेले की आडोसा, भाऊ आत आले की आडोसा बाजूला. ते पडवीत आवस बंद-चालू करत होते, आणि नेट परत यायचं ते त्यांच्या पावलांनी.

सकाळी ते माझ्याकडे आले. "शालन, कंदिलाची काच आसा काय गो?"

माळ्यावर होती, सासूबाईंच्या वेळची. मी धुऊन दिली. म्हटलं, "भाऊ, तो पत्र्याचा डबाच का लपवत नाही? सोपं काम."

"माझ्यासाठी इतक्या वरसां तिना तो आडोसो केल्यान," भाऊ म्हणाले, "आणि आता तो मी तिच्या हातातसून काढून घेव?" मग जरा पहिल्यासारखे झाले. "काचेतसून लहर जाता. वारो पण अडता आणि लहर पण जाता. तिका चलात, माका चलात."

वयनीला ते पटवायला बरेच दिवस लागले. ती काच घालायची आणि वर पुन्हा डबा ठेवायची. भाऊ बाजूला बसून रोज तेच सांगायचे, "कुंदा, काच आसा. वारो लागाचो नाय. बघ, हात लाय." एकदाही आवाज चढवला नाही. ओरडल्याबद्दल त्यांनी तिच्यापुढे हात जोडले होते, मी बघितलं. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. ती त्यांचे जोडलेले हात धरून हसली. आणि हळूहळू डबा वातींसाठी राहिला, खिडकीत काच आली. सांजेला भाऊ टॅब लावून उठायचे, तुळशीला दिवा लावायचे, आणि नंतर मुद्दाम थोडा वेळ खळ्यातच थांबायचे. मग पावलं जोरात वाजवत आत यायचे, म्हणजे वयनीला काच उचलता यावी. अंजू रोज दिसायला लागली. "जेवलंस काय?" परत आलं.

चतुर्थीला अंजू आली. सामान पडवीत टाकून धावत आईच्या खोलीत गेली. वयनीने तिच्याकडे बघितलं आणि अदबीने पाट पुढे सरकवला. "बस गो बाय. कोणाची तू?" अंजू स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रोज दिसत होती म्हणून पडद्यावरची ओळखीची राहिली, आणि जिती समोर उभी तर परकी!

सांज झाली. वयनी सवयीने टॅबसमोर येऊन बसली. अंजू शेजारीच, आणि वयनी काळ्या पडद्याकडे बघत विचारते, "अंजू खंय? आज अंजू नाय?" भाऊ दारात उभे होते. ते आत आले, अंजूच्या हातात फोन दिला आणि म्हणाले, "दर्यार जा. थंयसून लाय. आणि बोलत बोलत घरात ये. पावलां वाजव."

अंजूने डोळे पुसले आणि गेली. भाऊंनी वयनीला हाताने खिडकीकडे दाखवलं. तिने पिल्लावर काच ठेवली आणि हात जोडले. टॅब वाजला. अंजूच्या चेहऱ्यामागे दर्या.

"अंजू! जेवलंस काय?"

"जेवलंय आई."

"केवा येतलंस गो?"

"येतंय आई. वाटेर आसंय. ह्या बघ, येतंयच."

अंजू चालत होती, पडद्यावर माड हलत होते, मग गडगा, मग खळं. पडवीत पावलं वाजली. माजघरात वाजली. वयनीने मान वर केली. ती उठली, खिडकीशी गेली, दोन्ही हातांनी काच उचलून बाजूला ठेवली, आणि मग दाराकडे वळली. दारात अंजू उभी होती, फोन अजून तोंडापुढे धरलेला.

"इलंस?" वयनी म्हणाली. पुढे होऊन तिने अंजूच्या गालावर हात ठेवला. "किती वाळलंस गो माझ्या बाय."

भाऊंनी हात वर केला, पंजा आमच्याकडे. त्या खोलीत दोघींच्या रडण्याचा आवाज तेवढा होता.

सकाळी वयनी पुन्हा सगळं विसरलेली असायची. म्हणून अंजू होती तोवर रोज सांजेला दर्यावर जायची आणि रोज घरी यायची.

त्या थंडीत वयनी गेली, झोपेत. अंजू परत येऊन गेली, भाऊंना बरोबर चला म्हणाली, भाऊ नाही म्हणाले. नंतरचे भाऊ फार बोलत नसत. मासळीवाली आपणहून ऑर्डर परत म्हणून दाखवायची आणि ते नुसती मान हलवायचे. पावसाळ्याआधी एका दुपारी पडवीत खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. किल्ली अंजूने माझ्याकडे ठेवली आहे; खिडकीतला तो डबा आणि त्याच्यावरची काच मी तशीच ठेवली आहे.

भाऊ जायच्या आधी काही दिवस मी त्यांना पाहिलं, ते सांगते आणि थांबते. सांजेला मी खुर्च्या उचलून वर येत होते, गडग्यापाशी पोचले होते. भाऊ घराच्या पुढून वळसा घालून खाली वाळूत आले. मी त्यांना दिसले नाही. दर्याकडे पाठ करून ते आपल्या खिडकीकडे बघत उभे राहिले. खिडकीत काचेखाली हिरवा ठिपका होता. थोडा वेळ तसेच उभे होते, मग आले तसे परत गेले. मी गडग्यापाशीच थांबले. तुळशीपाशी चपला काढल्याचा आवाज आला, मग पडवीत पावलं, माजघरात पावलं, मुद्दाम वाजवलेली. खोलीतला दिवा लागला आणि भाऊ खिडकीशी आले.

"इलंय गो, कुंदा," ते म्हणाले, आणि काच आपल्याच हाताने उचलून बाजूला ठेवली.